मंडपाच्या दारातलं नाव

माही गोष्ट ऐकाले आली तं ऐक पोरी, माहा जन्म सोनाळ्याचा. बाप बँडमधी क्लॅरिनेट वाजवे अन् माय त्याच्यावर चिडे, का हा माणूस सरळ वाजवतच नाही. चाल सगळ्यायले माहीत राहे, पण हा तिले सोडून भलतीकडंच वळसा घे अन् अशा जाग्यावर परत ये का नाचणारे पोट्टे थबकून जात. बाप म्हणे, सरळ वाजवाले रेडिओ हाये ना. तसंच मी गाणं शिकली. कोणी शिकवलं नाही मले. तो वाजवे अन् मी भाकरी थापता थापता त्याच्या मागं मागं जावो.

बँडचा मालक वसंताभाऊ. त्याचा गाणारा येका लग्नात आलाच नाही, तवा बाप म्हणे माही पोट्टी गाते. वरातीतल्या बँडच्या गाडीवर चढवलं मले अन् हातात माईक देला. तवापासून मी चढलीच. नवरा बी त्याच पार्टीत ढोल वाजवणारा भेटला. लय चांगला माणूस, गेला बिचारा, लेकरू बी नाही आमाले.

लग्नसराई सरली का जत्रेतले नाटकं. वसंताभाऊच बसवे. हीरोइन मीच, दुसरी होती कोण? येका नाटकात मी खेळातल्या नवऱ्याच्या मांडीवर गाणं म्हणत म्हणत मरो. तं लोकं ओरडत, उठ व बाई, अजून येक होऊ दे! मंग काय, मी उठो, गावो, अन् पुन्हा मरो. मांडीवाला म्हणे, आता मर वं लवकर, माहा पाय झोपला. काय सांगू तुले माय, हसू दाबून मरनं लय कठीण काम. पण तेच लोकं लग्नात पंगत बसली का म्हणत, बाजावाले तिकडं मागं बसा. गाणं मंडपात अन् माणूस उकिरड्याजवळ. तुले राग येते ऐकून. मलेबी ये. भूक बी लागे.

माहं नाव झालं ते येका गोष्टीनं. वरात मंडपाच्या दारात आली का बाजा थांबे अन् मी नवरा-नवरीचं नाव गाण्यात गुंफो. त्याच्यासाठी मी आधीच घरात घुसो, नवरीच्या खोलीत. हळद लागलेली पोरगी बसलेली राहे, तिले विचारो, पत्रिकेतलं सोड, घरी काय म्हणतात वं तुले? कोणी म्हणे गुड्डी, कोणी म्हणे सोनी, येक तं म्हणे मले आजी बोक्या म्हणते. ते नाव मी दारात गावो. सारं घर हसता हसता रडे. बाप लोकं खांबाआड जात.

मंग वसंताभाऊ म्हणे, तुहा घसा बसते ऐन सराईत, येकदा सारे गाणे भरून ठेवू. मलेबी बरं वाटलं. अकोल्याले नेलं, काच लावलेल्या खोलीत उभं केलं, अन् मी गायली. अशी गायली का बाप असता तं उठून आला असता. येक वळसा ठेवला नाही घ्याचा. कमी काऊन गाऊ? माहंच गाणं ना ते?

वसंताभाऊ गेला. आता त्याचा पोरगा पंकज पाहते पार्टी. डीजेच्या गाडीवर भिंतीयेवढाले स्पीकर. पोरगा वाईट नाही बरं, काकू काकू करते. म्हणे काकू, गाणे ते अकोल्याले भरलेलेच लावू, तुम्ही फक्त उभं राहा, तोंड हलवा, माईक बंद राहीन. मी म्हनलं, काऊन बे, मी मेली का? तं म्हणे, लोकायले तोच आवाज पाह्यजे, जवानीतला. येकदा वायर निघाली अन् सारं बंद पडलं. मी तशीच गाऊ लागली, खालून लोकं म्हणे, ओ बाई, थांबा, ओरिजनल लागू द्या. ओरिजनल! मी वरतं उभी हावो अन् हे ओरिजनल मांगून राह्यले.

तरी नाव माह्याकडं होतं. कोणत्या पोरीचं लग्न लागनं हाये हे त्या पेनड्राईव्हले काय माहीत? दारात आलं का पंकज माईक चालू करे, तेवढं मी गावो. तेवढ्यासाठीच जावो मी.

यंदा दुसरबीडच्या लग्नात मी आपली सवयीनं खोलीत गेली. पोरगी म्हणे, मले घरी बारकी म्हणतात. हात थंडगार होते तिचे. वरात दारात आली, बाजा थांबला, मी माईक तोंडाजवळ नेला अन् माह्याच आवाजात नाव सुरू झालं. वैष्णवी म्हणे. पत्रिकेतलं. नवऱ्याचं, गावाचं, सारं बराबर. पंकज खालून हसून हात दाखवे, म्हणे काकू, कॉम्प्युटरनं केलं, तुमचेच जुने गाणे ऐकवले त्याले, आता तुम्हाले काईच तरास नाही. अन् सांगू तुले? वळसा बी घेतला त्यानं. माह्या बापाचा वळसा. चुकला असता तं मी भांडली असती.

तू म्हणतं, हे लुबाडनं हाये, आपण लढू. लढ माय, तुहं वय हाये. पण मी काय सांगू लोकायले, माहा आवाज चोरला? लोकं म्हणतीन, ऐकू तं येऊन राह्यला तुहा आवाज. पंकजशी भांडली तं गाडीवर उभं कोण करीन मले? घरात बसून काय करू?

त्या दिवशी टाळ्या झाल्या. पोरीनं स्पीकरकडं पाहून हात जोडले. मी तथीच उभी होती, बंद माईक घेऊन. मंग मी बी म्हनलं गाण्यात, बारकी, सुखी राहाय वं माय. कोणाले ऐकू नाही आलं. खालून पाहणाराले वाटलं असंन, काकूचं तोंड कसं बराबर हलून राह्यलं.