सिग्नलवरची टेम्पोवाली
तुम्हाला सांगतो, गेल्या महिन्यात मी एका अनोळखी बाईच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. आईला डायलिसिसला घेऊन निघालो होतो आणि खांदा कॉलनीच्या सिग्नलला गाडीचा गिअरच पडेना. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. आई म्हणाली, "रिक्षा बघ रे." पण तिला चार पावलंसुद्धा चालवत नव्हतं.

मागे भाजीचा टेम्पो होता. तो चालवणारी बाई खाली उतरली. वाटलं, आता शिव्या खायच्या. तिने खिडकीत वाकून विचारलं, "क्लच पार खाली जातो का? मंग त्याचं तेल कमी झालं असंल. चार-पाच वेळा जोरात दाब-सोड कर नि लगेच गिअर टाक."

टाकला, आणि पडला! आईला डायलिसिससाठी कुठल्या हॉस्पिटलात न्यायचंय, तेही मी तिला सांगितलं.

"मी म्होरं ऱ्हाते. माज्या मागं ये."

प्रत्येक गिअरला क्लच दाबत-सोडत मी हॉस्पिटलपर्यंत तिच्या मागे गेलो. दारात हात जोडले, तर म्हणाली, "आदी आईला आत ने. माजी आय बी इथंच यायची. तवा माज्याकडं गाडी नव्हती."