शेजारणीकडचं कुंपण

नवरा बायकोला नवी जमीन दाखवायला निघाला होता. बसमध्ये मागच्या सीटवरच्या नर्सबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"विहीर बारमाही आहे. उद्या शहरात हाहाकार माजला तरी आपलं निभेल."

"शेजारी कसे आहेत?"

"एक म्हातारी आहे, देवमाणूस. परवा मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही."

"मग काळजी मिटली."

"मिटली कसली? टंचाई आली की पहिली तीच दारात येणार. कुंपण आधी तिच्या बाजूने घालू. कुत्रीही तिकडेच बांधू."

"ती कुत्र्यांनाही खायला घालेल. मग कुत्री तिच्यावर भुंकायची नाहीत."

"म्हणून तिला पहिल्यापासून जवळच फिरकू द्यायचं नाही."

मागे नर्सबाईंनी पाण्याची बाटली उघडली.

बायको मागे वळली. "ताई, घोटभर पाणी द्याल का? आमची बाटली घाईत घरीच राहिली."