चुन्याचे धोंडे आणि नवं स्टेरिंग

माझं माहेर केजकडचं. बापाच्या घरी बैलगाडी व्हती, ती बी मला कुणी हाकू दिली न्हाई, आन् सासरी आले तर दारात ही पिकअप उभी. धरणाच्या कामावरच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या तवा सासऱ्यांनी घेतलेली, लांब नाकाडाची, गोल दिव्यांची, तवाच म्हातारी झालेली. आता मी सत्तरीला टेकले, गाडी माझ्याहून थोरली का धाकली ते कुणालाच ठाव न्हाई.

काय सांगू ताई तुमाला, मी गाडी हौसेनं शिकले न्हाई. आमच्या मालकांचा पाय मोडला, आन् गावातलं दूध चौसाळ्याच्या डेअरीला न्यायचं कसं, गाव वर डोंगरावर, उतरायला सात वळणांचा घाट. मालक म्हणले, तू चालव, मी शेजारी बसतो. बसले. पण ते स्टेरिंग! अर्धा फेरा रिकामंच फिरायचं बघा, तुमी फिरवताय आन् चाकाला पत्ताच न्हाई, मंग एकदम धरायचं. म्हणून वळण यायच्या आधीच फिरवायला लागायचं, आन् वळण सरलं का जातं वढल्यावानी वढून सरळ करायचं. मला काय ते जमंना, मी रडायचे. मंग मालकांनी काय केलं, काखेत कुबडी, बाळूच्या हातात चुन्याचं डबडं, बाळू म्हंजी आमचा ल्योक, तवा लहान व्हता, आन् दर वळणाच्या आधी कडेचा एक धोंडा पांढरा केला. म्हणले, वळणाकडं बघूच नको, धोंडा आला का फिरव.

तशी चाळीस वर्सं चालवली. दर दिवाळीला घर सारवून, रंगवून उरलेला चुना त्या धोंड्यांना जायचा. मालक गेले त्याला सहा वर्सं झाली, तवापासून चुना मीच मारते.

मंग माझा खांदा धरला. स्टेरिंग फिरंना, आन् खालच्या स्प्रिंगांचे पाटे असे कडक का खड्डा आला की मणक्यात हातोडा बसायचा. बाळू बीडला दुकानात कामाला हाय, तो म्हणला, माय, दे भंगारात, तुझं वय हाय का हे? म्या म्हणलं, कावून देऊ, अकरा घरचं दूध हाय तिच्यावर, आन् मी काय घरात बसून भिंती मोजू?

चौसाळ्याचे रफिक मिस्त्री म्हणले, मावशी, फिकर नका करू, वरचं रूप हाय तसं ठेवू, खालचं सगळं नवं करू. मागून ठोकलेल्या एका नव्या गाडीचं पुढचं सगळं त्यांनी उतरवलं, स्टेरिंग, स्प्रिंगा, शॉकप, आन् आमच्या म्हातारीच्या खाली बसवलं. तीन आठवडे लागले. मी तिथंच पालथ्या क्रेटवर बसून बघायचे, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून ते माप धरायचे, दोराभर हललं का पुन्हा खोलायचे. बाळूनं अट घातली, दुधानं भरलेली गाडी घेऊन एकदा घाट उतर, मी मागं बसतो, एकदा जरी चुकली तर त्याच दिवशी भंगारात. म्या म्हणलं, कबूल.

गाडी वर गावात रफिक मिस्त्रींनीच आणली. सकाळी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठिवली, रफिक शेजारी, बाळू मागं कॅनं धरून. पहिल्या दोन वळणांना गाडी जरा लवकरच वळल्यावानी वाटली, पण बोटानं फिरत व्हती हो, खांदा दुखंना, मी त्याच आनंदात.

तिसरं वळण डाव्या हाताला, आन् दरी बी डावीकडंच. धोंडा आला. हातानं मला इचारलंच न्हाई, अर्धा फेरा फिरवून मोकळा झाला. आन् आता त्यात रिकामं काय व्हतं? गाडी तिथंच वळली. समोर रस्ताच न्हाई, खाली बाभळीचे शेंडे. मागून बाळू वरडला, माऽय! रफिक वरडले, मावशी, सोडा, स्टेरिंग सोडा!

आता तुमीच सांगा, सोडवंल का? चाळीस वर्सं ते कधी सोडलं न्हाई. पण सोडलं. आन् ते आपलं आपण गरागरा फिरून सरळ झालं. म्या बिरेक दाबला. डावं चाक मुरमाच्या काठावर, आन् खडे खाली जाताना ऐकू येत व्हते.

बाळू उतरून खिडकीशी आला, त्वांडावर रगत न्हाई. झालं माय, म्हणला, ठरलं व्हतं आपलं. म्या म्हणलं, ठरलं व्हतं खरं. तवर रफिक मागं चालत जाऊन आले आन् म्हणले, मावशी, तुमी तर वळणाच्या लई आधी फिरवलं, तिथं निस्ता एक पांढरा दगड हाय. मंग म्या सगळं सांगितलं. ते म्हणले, ह्यात गाडीचा कसूर न्हाई, दगड जुन्या स्टेरिंगचा हाय.

बाळू त्या धोंड्याकडं बघतच राह्यला. डबडं त्यानंच धरलं व्हतं ना. मंग म्हणला, फुडच्या चार वळणांना धोंड्याकडं बघू नको. म्या म्हणलं, मंग कुठं बघू? रस्त्याकडं बघ की माय, म्हणला, समदं जग तिकडंच बघतं! आन् मागं जाऊन बसला. म्या गाडी मागं घेऊन रस्त्याला लावली, आन् दूध पोचलं. भंगाराचं नाव त्यानं पुन्हा काढलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दोघं चुना घेऊन निघालो. दर वळणापाशी, अगदी जवळ, नवा धोंडा पांढरा केला. बाळू म्हणला, जुन्यांचं काय, माती फासू का? म्या म्हणलं, माती नको. दोघांनी मिळून एकेक धोंडा पालथा घातला, पांढरी बाजू खाली. चाळीस दिवाळ्यांचा चुना, बोटभर जाड थर व्हता, सगळ्यात आतला मालकांच्या हातचा. तो तसाच ऱ्हाऊ दे आत.

आता रोज उतरते. खांदा बरा हाय, तुमच्यासारखं कुणी आलं तर शेजारी बसवून नेते बी. पण तिसऱ्या वळणाला त्या पालथ्या धोंड्यापाशी डावा हात अजून उचलला जातो. मी म्हणते, थांबा मालक, अजून वळण आलं न्हाई.