मधे येणारी चिंच

(डोंगरकडा गाव. घराची गच्ची. सकाळच्या बसनं आलेली प्रतिक्षा लॅपटॉप मांडून बसली आहे. थोड्या वेळात तिची पीएचडीची तोंडी परीक्षा याच लॅपटॉपवर होणार आहे. वडील तातेराव चहा घेऊन उभे.)

प्रतिक्षा : बाबा, मी मघापासून विचारून राहिले. दारातली चिंच कुठंय?

तातेराव : आधी चहा घे.

प्रतिक्षा : कुणी तोडली?

तातेराव : मीच. श्रावणात वसमतहून कटरवाला आणला. दिवाळीत तूच वैतागली व्हतीस, चिंच मधे येती, टावरची रेंज लागत न्हाई म्हणून. म्हणलं, एवढी वर्सं राबलेलं लेकरू, अन् ऐन परीक्षेत फोन बंद पडला तं?

प्रतिक्षा : मी नुसतं बोलले होते.

तातेराव : मी ऐकलं.

प्रतिक्षा : आन् तिच्यावरचे बगळे? श्रावणात तर पिलं असतात घरट्यात.

तातेराव : तुझ्या मायनं टोपलीत उचलली व्हती. न्हाई जगली. तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई.

प्रतिक्षा : माझं शेवटचं प्रकरण त्या चिंचेवर आहे, बाबा.

तातेराव : तू तं जपानच्या कार्टूनवर लिहिलं ना?

प्रतिक्षा : त्या कार्टूनात माणसं मधेच गप होतात, नुसतं झाड हलत राहतं. बघणारालाही गप बसावं लागतं. तसं बघायला मी चिंचेखाली शिकले, असं लिहिलंय. आन् हेबी लिहिलंय, की पडद्यावर झाड दाखवायचं तर वीज, तारा, टावर लागतात. त्यापायी कुठलं तरी खरं झाड जातंच.

तातेराव : मंग तुला ठाऊकच व्हतं की, पोरी. मला काहून सांगितलं न्हाईस?

प्रतिक्षा : इंग्रजीत लिहिलं होतं.

तातेराव : बघ, त्ये वाजून राहिलं. उचल.

प्रतिक्षा : काय तोंडानं बोलू? मला न्हाई जमणार.

तातेराव : बोल. न्हाई बोललीस तं ती चिंच फुकटच गेली.

परीक्षक : नमस्कार, प्रतिक्षा. आवाज पोहोचतोय?

प्रतिक्षा : हो, मॅडम.

परीक्षक : शेवटचं प्रकरण मला फार भावलं. त्या चिंचेपासूनच सुरुवात करू या. गावीच आहात ना? कॅमेरा जरा तिकडे वळवता?

प्रतिक्षा : वळवलाय, मॅडम.

परीक्षक : चित्र अगदी स्वच्छ येतंय. पण झाड कुठे दिसत नाही.

प्रतिक्षा : हो, मॅडम. म्हणूनच स्वच्छ येतंय.