एकटीच्या घरातली फळी

नाही नाही, बसा ना मॅडम, त्या खुर्चीवर बसा, ती डुगडुगत नाही — आणि डोळे सुजलेत ते रडून नव्हे, झोप नाही म्हणून. झोप कशानं उडाली सांगितलं तर हसाल, भांड्यांनी! घासून ठेवावीत की तशीच पडू द्यावीत? एकट्या आयांना मिळणारी सरकारी मदत चालू ठेवायची की नाही ते बघायला तुम्ही घरी येणार, हे कळल्यापासून शेजारच्या काकू रोज एक अक्कल शिकवून जातात — घर लखलखीत दिसलं तर म्हणतील हिला कशाला हवी मदत, पसारा दिसला तर म्हणतील हिला मूल सांभाळता येत नाही. म्हणजे गरीब दिसायचं, पण नीटनेटकं गरीब. शेवटी अर्धी घासली, अर्धी तशीच ठेवली. बघा तिकडे. शिकलेल्या बाईची ही तऱ्हा.

हो, शिकलेली आहे, तेही अर्थशास्त्र घेऊन — आता हसलात तरी चालेल. चष्म्याच्या दुकानात असते, सकाळच्या वेळात. फक्त सकाळीच का? हेच, हेच सगळे विचारतात — माझी सख्खी आत्या म्हणाली, आयतं मिळतंय तर तू कशाला हातपाय हलवशील! अहो, दुकानाच्या मालकीणबाई कधीच्या मागे लागल्यात, दिवसभर ये, काउंटर तुझ्या हातात देते. मला काय नकोय? पण पगार तुमच्या मर्यादेच्या बोटभर वर गेला की मदत बोटभर कमी होत नाही, मुळासकट जाते — आणि तिच्याबरोबर ह्या माझ्या लेकीची पाळणाघरातली जागा. मग हिला ठेवू कुठे, चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये? नाकापेक्षा मोती जड. म्हणून नको म्हणाले, आणि मालकीणबाईंनी ठरवून टाकलं, पोरगी आळशी आहे. तुम्हालाही वाटलं असेल. मलासुद्धा कधीकधी वाटतं, खोटं कशाला बोलू.

काय? ती वरची फळी? ती — मीच ठोकली. का, बाईला ड्रिल धरता येत नाही? असं बघू नका ना. बरं, माझा हात तिथवर पोचत नाही, दिसतंयच. हिच्या बाबांनी ठोकली. पण राहत नाहीत हो ते इथे! लिहू नका अजून, आधी ऐका. रंगकाम करतात ते, काम असलं तर असतं, नसलं तर हातावर हात — मग चिडचिड, मग भांडणं, आणि एक दिवस गेले निघून. तेव्हाच तर ही मदत सुरू झाली. आता परत यायचं म्हणतात. निवळलेत, हिला भरवतात, वेणी घालतात — भांग वाकडा, पण घालतात. आणि मीच, मॅडम, मीच त्यांना दिवे लागायच्या आत दाराबाहेर काढते! का, तर घरात पुरुषाची चप्पल दिसली की मदत बंद. तो कमावतो का, किती कमावतो, कुणी विचारत नाही — पुरुष आहे ना, मग पोसत असणार, संपलं. नवरा सोडून गेला की मी बिचारी, परत आला की लबाड. जाणाऱ्याला बक्षीस आणि येणाऱ्याला दंड — हे निघालं तरी कुणाच्या सुपीक डोक्यातून? तुमच्या नाही, माहितीय मला. तुम्ही फक्त दारातल्या चपला मोजता.

चुकलं. जीभ सुटते माझी. पण मदत तोडू नका हो — पाळणाघर गेलं तर सकाळचं कामही जाईल, आणि मग भांडी घासली काय न घासली काय, तुम्हाला हवी तशी गरीब दिसेनच मी.

हिला विचारायचंय? विचारा की! मी काही पढवलेलं नाही — म्हणजे एवढंच, घरात आपण दोघीच राहतो म्हणून सांग, आणि ते खरंच आहे ना? ठमे, इकडे ये. ओढणी सोड माझी, तोंड दाखव मॅडमना. घरात कोण कोण राहतं विचारतायत त्या. सांग की. एरवी चुरुचुरु बोलत असतेस. अगं, रागावणार नाही कुणी, आपण म्हटलं होतं ना तसं —

"बाबा राहतात असं सांगितलं, तर राहतील?"