खिडकीत चौदा माणसं

(कडाव. चांगोच्या घराची ओटी. कर्जतचा फोटोवाला पदू सायकल टेकवून नुकताच बसलाय. फोटो चांगोच्या हातात.)

चांगो : बाकीची मानसं गेली कुठं?

पदू : तेच सांगायला आलोय, दादा. म्हटलं आपणच जावं. नाहीतर तुम्ही दुकानात येऊन माझी गचांडी धरली असती.

चांगो : ती अजून धरनार हाय. चौदा मानसं हुबी केलीवतीस खळ्यात. माझी बायको, माझी पोरं, बुधाजीची बायको, त्याची पोरं. आन हितं बघ. येकटी आये! तिच्या मागं दोन सदरं, त्यान्ला मुंडकी नायत.

अंबूबाई : कोन आलाय रं? पदू का? आला का माझा फोटू?

चांगो : आला, आये. तुझाच आलाय. बाकी कुनाचा नाय.

अंबूबाई : थांब, चुलीवरचं उतरवते, आले.

पदू : माझीच चूक आहे, दादा. या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते ना, तिथं घोळ झाला. जवळच्याला एक लेन्स, लांबच्याला दुसरी. येताना नदीवर खंड्या बसलेला दिसला. राहवलं नाही, लांबची चढवली. ती तशीच राहिली.

चांगो : पन तू डोळा लावून बघत व्हतास ना? आन वरनं सांगत व्हतास, सगळे आले, कोनी हलू नका.

पदू : खरंच सगळे दिसत होते हो! बघायची खिडकी वेगळी असते. ही बघा, वर कोपऱ्यात. आणि फोटो घेणार ही खालची लेन्स. लेन्स बदलली तरी खिडकीत आपलं पहिलंच चित्र. लांबच्या लेन्ससाठी डोक्यावर दुसरी खिडकी बसवावी लागते. ती माझ्या पिशवीत.

चांगो : म्हंजे तू बघनार येक आन ह्यो काढनार दुसरंच. फेकून दे तो डबडा.

पदू : डबडा नका म्हणू, दादा. काय म्हणायचं ते मला म्हणा. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधले एक साहेब रिटायर झाले, त्यांच्याकडून आणलाय. वयानं माझ्यापेक्षा मोठा आहे हा. आता बटण दाबतो, आवाज ऐका. आला?

चांगो : नाय.

पदू : बघा! बगळा मान वळवत नाही, एवढा गरीब आवाज. असे चार आहेत माझ्याकडं. बायको म्हणते, घरात धड पातेलं नाही आणि चार कॅमेरे. तिचंही खरंच आहे. पण हा हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही. यात डोळा लावला की माणूस दुहेरी दिसतो. मग ही कडी हळूहळू फिरवायची. दोघांचा एक झाला, की नेमका लागला. मी आजीच्या कपाळावरच्या गोंदणावर लावला होता. ठिपका न् ठिपका आलाय की नाही?

चांगो : आलाय. पन मला काय गोंदनाचा फोटू काढायचा नव्हता. माझा भाव बुधाजी कुंभिवलीस्न आला तो फकस्त या फोटूसाठी. वाटनी झाल्यापासून पयल्यांदा आला. तो माझ्याशी बोलला नाय, मी त्याच्याशी बोललो नाय. चा सुदीक नाय घेतला. आयेनं धोसरा लावलावता, जायच्या आधी माझे दोन्ही पोरगे मला येका फोटूत बघू द्या. झालं, आता काय दाखवू तिला? दोन सदरं?

पदू : परत काढू. मी स्वतः जातो कुंभिवलीला, हातापाया पडून घेऊन येतो.

चांगो : यायचा नाय तो. वाटनीच्या टायमाला मीच बोललोय त्याला, माझ्या ओटीवर पाय ठेवू नको. म्हनून तर खळ्यात फोटू. नायतर ओटीवर काय जागा नव्हती?

अंबूबाई : आना हिकडं. चांगो, उजेडात धर जरा. ...ही मी?

पदू : तुम्हीच, आजी.

अंबूबाई : येवढी म्हातारी? आरशात तर बरी दिसते.

पदू : आजी, लग्नाचे, बारशाचे किती फोटो काढले त्याला मोजदाद नाही. असा एक माझ्या हातून निघाला नव्हता. कागद औषधाच्या पाण्यात टाकला, त्यावर तुमचा चेहरा उमटायला लागला, आणि मी चिमटा हातात धरून नुसता बघत राहिलो.

अंबूबाई : गोड नको बोलू. चुकलास ते चुकलास.

पदू : चुकलो, आजी.

अंबूबाई : माझ्या खांद्यावर हे काय रं, चांगो?

चांगो : हात. माझा हाय. इळा लागलेला, ती खून बघ.

अंबूबाई : आन ह्या बाजूला?

चांगो : घड्याळवाला... बुध्याचा. कारखान्यात लागल्यावर घेतलान ते घड्याळ. पदू, तू सांगितलावतास काय रं त्याला, आयेच्या खांद्यावर हात ठेव म्हनून?

पदू : मी कोणालाच नाही सांगितलं. हलू नका, एवढंच म्हणालो.

चांगो : मला वाटलं, मी येकट्यानंच ठेवलाय. मी त्याच्याकडं बघितलंच नाय ना. मुद्दाम नाय बघितलं.

पदू : त्यानंही नसेल बघितलं तुमच्याकडं.

अंबूबाई : मला ठाव व्हतं.

चांगो : मग बोलली का नायस?

अंबूबाई : बोलले आसते, तर दोघांनी काडून घेतले आसते.

चांगो : ...म्हनून हसतेस व्हय यात?

अंबूबाई : मग काय रडू?

चांगो : तसं नाय गं. रोज तुझ्या हातची भाकर खातो, पन तुला अशी हसताना मी बघितलीच नाय कधी. आये, लई देखनी दिसतेस गं तू.

अंबूबाई : गप ये मेल्या! पदूच्या म्होरं काय बोलतोस? ...आन माझी नथ दिसते का रं नीट?

पदू : नथीचा मोती न् मोती मोजून घ्या, आजी. दादा, मग सगळ्यांचा परत कधी काढायचा? या वेळी घरूनच जवळची लेन्स लावून येतो.

चांगो : सगळ्यांचा काडू मागनं. ह्यो ठेवतो मी. लय भारी काढलायस. तुझा डबडा... बरं, तुझा कॅमेरा. जपून वापर त्याला.

पदू : मग याचीच आणखी एक कॉपी करतो. कुंभिवलीला बुधाजीदादाला पाठवून देतो.

चांगो : नको.

अंबूबाई : का नको? त्याची पन आय हाय मी.

चांगो : येकच राहू दे. हितं लावायचा, ओटीवर, समोरच्या भिंतीला. त्याला बघायचा आसंल तर त्यानं हितं यावं.

अंबूबाई : आन हे त्याला सांगनार कोन?

चांगो : मीच जातो की सांगायला.