कर्नलसाहेबांचं बिस्किट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, खास ओमाहाहून गाडी हाकत आलेले बँकेचे विभागीय उपाध्यक्ष माननीय श्री. ब्रॅडली स्टाउटसाहेब, व्यासपीठावर विराजमान आपले महापौर आणि टायरवाले ग्लेन झिमर, शाखेच्या व्यवस्थापक केंद्राबाई, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती आर्डिस कुचेरा, आणि एक डोळा माझ्याकडे व दुसरा हॅम-सँडविचकडे ठेवून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी एमिल व्होंड्रा. उभा जन्म तुमच्या विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे भाषणाची सवय नाही. केंद्राबाई म्हणाल्या, "एमिलकाका, तुम्ही सगळ्यात जुने खातेदार. बँकेचा इतिहास आणि सेवा यांवर सात मिनिटं बोला." मी म्हटलं, "बाई, पंपावर बोलतो." तर त्यांनी मुख्य कचेरीतून आलेला हा कागदच माझ्या हातात कोंबला. आता कागद दिलाय म्हटल्यावर वाचणं आलं.

तर इतिहास. अठराशे एकाहत्तर साली एका लोखंडी सामानाच्या दुकानदारानं दुकानाच्या मागच्या खोलीत ही बँक काढली. का? तर गावात तिजोरी त्याच्या एकट्याकडे होती! ती आणताना बैलगाडी नदीच्या चिखलात रुतली. कागद म्हणतो, तिजोरी "धैर्याने बाहेर काढण्यात आली." माझे पणजोबा त्या दोरीला होते. आमच्या घरात सांगतात ते असं, की तिजोरी अकरा दिवस तिथेच होती आणि लोक तिच्यावर बसून मासे धरत होते. पहाऱ्याला कोणी नव्हतं. चोरणार कोण? हलत असती तर आम्हीच नसती का हलवली?

पुढे ही बँक दुसरीनं गिळली, दुसरीला तिसरीनं. आज म्हणे एकतीस राज्यांत शाखा आहेत. माझ्या देखत पाटी पाच वेळा बदलली. पाटी बदलली, चेकबुकाचा रंग बदलला, पण गाडीवाल्यांच्या खिडकीतली बाई, ही आर्डिस, काही बदलली नाही. एकेचाळीस वर्षं! स्टाउटसाहेब, तुमच्या कागदावर हिचं नाव कुठेच नाही, म्हणून मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

आता सेवा. बचत खातं, घरकर्ज, ट्रॅक्टरकर्ज, लॉकर. शिवाय फोनमधली बँक. तिच्याशी बोलायला गेलं की ती आधी विचारते, तुम्ही माणूस आहात ना? अहो, चौऱ्याहत्तर वर्षांत ही शंका फक्त माझ्या बायकोला आली होती, देव तिच्या आत्म्याला शांती देवो!

पण साहेब, राग मानू नका, या यादीत एक सेवा गळली आहे. आमच्याकडे गाडीतून न उतरता बँकेचं काम होतं. डबीत चेक ठेवायचा, डबी नळीत ढकलायची, की हवेच्या जोरावर ती सुर्रकन आर्डिसबाईंकडे जाते. महापौरांनी एकदा चेकबरोबर गाडीची किल्लीही पाठवली. मागे सात गाड्या भोंगे वाजवताहेत, पुढे हे हातवारे करताहेत! आर्डिसबाईंनी किल्ली परत पाठवली, वर एक लॉलीपॉप. हसू नका ग्लेन, अख्ख्या गावानं पाहिलंय.

आणि ज्याच्या गाडीत कुत्रं असेल, त्याच्या डबीत एक बिस्किट यायचं. माझा कर्नल, जातीचा बीगल, या बिस्किटासाठी जीव टाकायचा. नळी वाजली रे वाजली की असा भुंकायचा, की आत आर्डिसबाईंच्या कानठळ्या बसायच्या. दर शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही दोघं हजर. स्पीकरमधून आवाज यायचा, "काय म्हणताहेत कर्नलसाहेब?"

तीन वर्षांपूर्वी मार्चात कर्नल गेला.

पुढच्या शुक्रवारी गेलो तो सांगायलाच गेलो होतो. नेहमीचा प्रश्न आला आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हटलं, "मागे झोपलेत." बिस्किट आलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. मग सांगायचं कसं? आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर मला तिथे जायला निमित्तच उरलं नसतं. पेन्शन थेट खात्यात येतं. मी शुक्रवारी वीस डॉलर काढतो आणि मंगळवारी, 'कर्नल आज घरी आहेत' म्हणून, तेच वीस परत भरतो. केंद्राबाई, तुम्हाला वाटलं असेल म्हातारा चळला. म्हातारा चळला नव्हता, त्याला आठवड्यातून दोनदा कोणीतरी "काय एमिल, कसं चाललंय?" असं विचारायला हवं होतं.

आता आर्डिसबाईंची बहीण त्यांना ॲरिझोनाला कायमची बोलावतेय. यांनी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. जायचं तर जा, पण मी लबाड म्हणून मागे राहणार नाही. हा कॉफीचा डबा बघा. यात कर्नल गेल्यापासूनची एकशे पंचावन्न बिस्किटं आहेत. एकशे छप्पन होती, एक मी खाल्लं. बरं लागतं. स्टाउटसाहेब, ही बँकेची मालमत्ता, ताब्यात घ्या.

काय म्हणालात साहेब? जरा मोठ्यानं. बँकेनं बिस्किटं... पाच वर्षांपूर्वीच बंद केली? काटकसर म्हणून?

मग ही कुठून आली?

आर्डिसबाई, मान खाली का घातलीत? पशुखाद्याच्या दुकानातून? स्वतःच्या पैशानं? अहो, पण कुत्रं जिवंत असताना ठीक होतं, नंतरची तीन वर्षं तरी मी तुम्हाला फसवून... काय? माहीत होतं? केव्हापासून?

मंडळी, मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. बाई म्हणताहेत, "पहिल्याच शुक्रवारपासून. नळी वाजली आणि कोणी भुंकलं नाही."

थांबा. मला पाण्याचा ग्लास द्या कुणीतरी.

आर्डिसबाई, आता चारचौघांत विचारतोच. या शुक्रवारी दहा वाजता मी कुठे जाऊ?

"घरी ये," म्हणताहेत. "माझ्या घराला नळी नाही, गाडीतून उतरावं लागेल. कॉफी ठेवते. बहिणीला आज रात्री फोन करून नाही म्हणून सांगते."

ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलं ना? साक्षीदार राहा!

अध्यक्षमहाराज, सात मिनिटांची दहा झाली, इतिहास अर्धा राहिला, सेवा तर मी बिघडवूनच ठेवल्या. बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. तीन वर्षांच्या थापेची माफी ज्यांच्याकडे मागायची होती, त्यांनी ती मागण्याआधीच दिली होती, दर शुक्रवारी, एक एक करून.

डबा मात्र आता मी परत घेऊन जातो, साहेब. तो बँकेचा नव्हताच.